दुःखाच्या छायाचित्रावर पहिला हक्क कोणाचा?

गेल्या अंकात या सदरात आपत्ती आणि दुर्घटनांच्या छायाचित्रांविषयी एक लेख प्रसिद्ध झाला होता. भोपाळ, किल्लारी, हिरोशिमा अशा ठिकाणी घेतलेली छायाचित्रे आपण कशासाठी पाहतो आणि ती पाहताना आपल्यावर कोणती जबाबदारी येते, हा त्याचा विषय होता. त्यावर आलेल्या पत्रांतील काही निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. बहुतेक पत्रांत घरच्या दुःखाचा उल्लेख असल्यामुळे पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे सासरे किल्लारीजवळच्या एका गावचे. 1993 च्या भूकंपात त्यांची आई आणि धाकटी बहीण गेली. त्या वेळच्या वर्तमानपत्रांतील छायाचित्रांची कात्रणे त्यांनी एका वहीत चिकटवून ठेवली आहेत. काही छायाचित्रांत मृतदेह दिसतात. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि आजोबांची वही बघायची म्हणून तो हट्ट धरतो. त्याला ती दाखवावी का? (एक वाचक भगिनी, लातूर)

उत्तर : हा प्रश्न आपण मला विचारण्याआधी सासऱ्यांना विचारला आहे का, हे आपल्या पत्रातून कळत नाही. विचारला नसेल तर आधी त्यांनाच विचारावा. एखाद्या छायाचित्रात ज्याचे दुःख आहे, त्याचा त्या छायाचित्रावर पहिला हक्क असतो, असे मी मानतो. तो हक्क ते छायाचित्र काढणाऱ्याच्या, छापणाऱ्याच्या आणि पाहणाऱ्याच्या हक्काआधी येतो. वहीतील छायाचित्रे दुसऱ्या कोणी काढली आणि दुसऱ्या कोणी छापली हे खरे. पण ती कापून, चिकटवून इतकी वर्षे जपली आपल्या सासऱ्यांनी, आणि त्यांत दिसणारे उद्ध्वस्त गाव त्यांचे होते. ती वही कोणी, केव्हा आणि किती पाहावी, हे त्यांनी ठरवावे.

त्यांची संमती असेल तर मुलाला वही एकट्याने चाळू देऊ नये. आजोबांनी शेजारी बसून पाने उलटावीत. मृतदेहांची छायाचित्रे असलेली पाने या वयात वगळावीत आणि ती वगळली आहेत हे मुलाला मोकळेपणाने सांगावे, कारण लपवलेल्या पानांची भीती पाहिलेल्या पानांहून मोठी होत जाते. नऊ वर्षांच्या मुलाला घरांची, गल्लीची आणि ढिगाऱ्यातून भांडी शोधणाऱ्या माणसांची छायाचित्रे समजतात. तो विचारेल ते प्रश्नही साधे असतील : घरे एवढी कशी पडली, लोक पळाले का नाहीत? त्यांची उत्तरे आजोबांना ठाऊक आहेत. 30 सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर सारा गाव गाढ झोपेत असताना जमीन हादरली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड माळवद एकदमच अंगावर आले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील 52 गावे जमीनदोस्त झाली, ती त्या घरांच्या बांधणीमुळेही. हे मुलाला कळले, तर त्या छायाचित्रांतून त्याला भीतीबरोबर काही ज्ञानही मिळेल.

आपल्या घरी आणखी एक काम होण्यासारखे आहे आणि ते लवकर व्हावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. वर्तमानपत्रांतील अशा छायाचित्रांखाली बहुधा ‘शोकाकुल वृद्धा’, ‘आप्तांना शोधणारा ग्रामस्थ’ एवढेच छापलेले असते. ती वृद्धा कोण, ती गल्ली कोणती, मागे दिसणारी कमान कोणाच्या वाड्याची, हे छायाचित्रकाराला त्या धावपळीत कळले नसेल; आपल्या सासऱ्यांना मात्र त्यांतील बरेच काही माहीत असण्याचा संभव आहे. प्रत्येक कात्रणाला क्रमांक द्यावा, ते सांगतील ते वेगळ्या वहीत त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे आणि शक्य असल्यास त्यांचा आवाजही ध्वनिमुद्रित करावा.

नाव हरवलेल्या छायाचित्राचे काय होते, हे भोपाळने आपल्याला दाखवले आहे. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर दफन होत असलेल्या एका बालकाचे छायाचित्र रघु राय यांनी कृष्णधवल आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत घेतले. बार्थोलोम्यू यांच्या छायाचित्राला त्या वर्षीचा वर्ल्ड प्रेस फोटोचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. तो चेहरा भोपाळच्या न्यायासाठी झालेल्या आंदोलनांच्या फलकांवर वर्षानुवर्षे झळकत राहिला. पण ते बालक कोणाचे होते, हे आजवर निश्चितपणे कळलेले नाही. जगभर ओळखल्या जाणाऱ्या त्या चेहऱ्याला नाव नाही. आपल्या वहीतील माणसांना नावे मिळू शकतात.

जपणुकीबद्दल थोडे. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. तो उजेडाने आणि हवेने पिवळा पडून ठिसूळ होतो. सर्व पानांची आधी चांगल्या उजेडात छायाचित्रे घ्यावीत किंवा ती स्कॅन करावीत. कात्रणे लॅमिनेट करू नयेत आणि फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये. वही प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता स्वच्छ सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी आडवी ठेवावी.

प्रश्न : मी वृत्तछायाचित्रणाचा विद्यार्थी आहे. समोर माणूस मरत असताना छायाचित्र काढायचे की त्याला मदत करायची, या प्रश्नावर वर्गात नेहमी वाद होतो. आपले मत काय? (एक विद्यार्थी, मुंबई)

उत्तर : मदत करता येत असेल तर मदत करावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु बहुतेक प्रसंगी प्रश्न एवढा सरळ समोर येत नाही, आणि वर्गातल्या वादात नेमके हेच निसटते.

या वादात केव्हिन कार्टर यांचे सुदानमधील छायाचित्र हमखास पुढे केले जाते : 1993 मधील दुष्काळ, जमिनीवर कोसळलेले उपाशी मूल आणि मागे बसलेले गिधाड. न्यूयॉर्क टाइम्समध्ये ते छापून आल्यावर त्या मुलाचे पुढे काय झाले, असे विचारणाऱ्या वाचकांची रीघ लागली आणि वर्तमानपत्राला त्याबद्दल वेगळे निवेदन द्यावे लागले. पुढच्या वर्षी त्या छायाचित्राला पुलित्झर पुरस्कार मिळाला आणि त्यानंतर काही महिन्यांतच कार्टर यांनी आत्महत्या केली. त्यांच्या मृत्यूचे एकच एक कारण सांगणे अन्यायाचे ठरेल. माझा आक्षेप छायाचित्राबरोबर छापलेल्या अपुऱ्या मजकुराला आहे. ते मूल अन्नवाटप केंद्राजवळ होते आणि कार्टर यांनी ते गिधाड हुसकावून लावले होते; या गोष्टी चौकटीत मावत नाहीत, म्हणून त्या शब्दांत सांगाव्या लागतात आणि पहिल्याच दिवशी सांगाव्या लागतात.

छायाचित्रकार फ्रँक फूर्निए यांच्यावरही असाच राग निघाला. नोव्हेंबर 1985 मध्ये कोलंबियातील नेवादो देल रुईझ या ज्वालामुखीच्या उद्रेकाने वितळलेल्या बर्फाचा आणि चिखलाचा लोंढा आर्मेरो या गावावर आला आणि वीस हजारांहून अधिक माणसे गाडली गेली. ओमायरा सांचेझ ही 13 वर्षांची मुलगी सुमारे तीन दिवस गळ्यापर्यंत पाण्यात अडकून होती. तिचे पाय ढिगाऱ्याखाली अडकले होते. भोवती बचावाचे काम करणारी माणसे होती, तिच्याशी बोलणारी होती, पण पाणी उपसण्याची आणि तिला सुखरूप बाहेर काढण्याची साधने तेथे नव्हती. फूर्निए पोहोचले आणि त्यांनी तिचे छायाचित्र घेतले, तेव्हा तिला वाचवणे कोणाच्याच हाती उरले नव्हते. त्यांनी कॅमेरा खाली ठेवला असता तर ती वाचली नसती. ती साधने तेथे वेळेवर का नव्हती, हा प्रश्न मात्र जगाने इतक्या जोराने विचारला नसता. म्हणून त्या छायाचित्राच्या बाजूने मी उभा राहीन.

आपल्याला मात्र मी एका तिसऱ्या छायाचित्रकाराचा अभ्यास करायला सांगेन. योशितो मात्सुशिगे हे हिरोशिमाच्या चुगोकू शिंबुन या वर्तमानपत्राचे छायाचित्रकार होते. 6 ऑगस्ट 1945 च्या सकाळी, स्फोटाच्या केंद्रापासून सुमारे सव्वादोन किलोमीटरवरील मियुकी पुलाजवळ ते पोहोचले, तेव्हा भाजलेल्या माणसांची, त्यांत शाळकरी मुलांचीही, तेथे दाटी झाली होती. कॅमेरा हातात असूनही बराच वेळ त्यांचे बोट कळेवर दाबले गेले नाही. अखेर त्यांनी दोन छायाचित्रे घेतली. दोन्ही मागच्या आणि बाजूच्या अंगाने घेतलेली आहेत आणि त्यांत चेहरे जवळजवळ दिसत नाहीत. दुसऱ्या छायाचित्राच्या वेळी आपल्या अश्रूंनी कॅमेऱ्याची काच धूसर झाली होती, असे त्यांनी नंतर सांगितले. त्या दिवसभरात शहरात फिरून त्यांनी घेतलेल्या छायाचित्रांपैकी केवळ पाच आज शिल्लक आहेत. त्याच दिवशी, त्याच शहरात, जमिनीवरून माणसांमध्ये उभे राहून घेतलेली छायाचित्रे म्हणून त्यांचे मोल शब्दांत सांगता येणार नाही. त्यानंतर जपानवर अमेरिकी ताबा असेपर्यंत अणुबाँबविषयीचा मजकूर आणि चित्रे सेन्सॉरच्या नियंत्रणाखाली होती. 1952 मध्ये तो ताबा संपल्यावर ही छायाचित्रे जगाच्या नजरेसमोर आली.

मात्सुशिगे यांनी जे काढले नाही, त्याबद्दल त्यांना कोणी दोष देऊ नये, आणि जे काढले त्याबद्दलही देऊ नये. त्यांचे कचरणे हा मी छायाचित्रकाराच्या कामाचाच भाग मानतो. ज्याला कळ दाबताना काहीच वाटत नाही, त्याने दुर्घटनेच्या ठिकाणी जाऊ नये.

आपण मुंबईचे आहात, म्हणून आणखी एक उदाहरण देतो. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये गोळीबार सुरू असल्याचे कळल्यावर मुंबई मिररचे सेबॅस्टियन डिसूझा समोरच्या कार्यालयातून स्थानकात धावले आणि रेल्वेच्या डब्यांचा आडोसा घेऊन त्यांनी बंदूकधारी कसाबचे छायाचित्र घेतले. त्यांच्याजवळ शस्त्र नव्हते, गोळ्या सुरू होत्या, आणि त्या क्षणी ते कोणाला वाचवू शकत नव्हते. पुढे खटल्यात त्यांनी साक्ष दिली आणि ती छायाचित्रे पुरावा म्हणून न्यायालयासमोर आली. ज्यांची माणसे त्या रात्री गेली, त्यांच्यासाठी तो छायाचित्रकार काय करू शकला, याचे उत्तर न्यायालयाच्या कागदपत्रांत आहे.

प्रश्न : लखनौच्या सिकंदर बागेचे 1858 मधील छायाचित्र मी अनेक पुस्तकांत पाहिले आहे. त्यात अंगणभर हाडे पसरलेली आहेत. ते बनावट आहे असे एका व्याख्यानात ऐकले. खरे काय आहे? (एक इतिहासप्रेमी वाचक, पुणे)

उत्तर : छायाचित्र खरे आहे, त्यातील मांडणीबद्दल शंका घेण्यास मात्र भक्कम कारण आहे. नोव्हेंबर 1857 मध्ये सिकंदर बागेत मोठी लढाई झाली आणि बागेत कोंडल्या गेलेल्या शेकडो बंडकरी शिपायांची कत्तल झाली; मृतांचा आकडा अनेकदा दोन हजारांच्या आसपास सांगितला जातो. फेलिचे बिआतो हा छायाचित्रकार लखनौला पोहोचला तो त्यानंतर काही महिन्यांनी, 1858 मध्ये. इतक्या दिवसांनंतर सांगाडे अंगणात असे उघड्यावर, कॅमेऱ्यासमोर नीट दिसतील असे पसरलेले असणे स्वाभाविक नव्हे. झाकलेले अवशेष छायाचित्रासाठी पुन्हा उघडे करविले गेले, अशा आशयाचा उल्लेख त्या काळातील एका इंग्रज अधिकाऱ्याच्या आठवणींतही आहे.

त्या काळात मांडणी केवळ बिआतोने केली असे नाही. क्रिमियाच्या युद्धात रॉजर फेंटन याने 1855 मध्ये तोफगोळ्यांनी भरलेल्या दरीची दोन छायाचित्रे घेतली. एकात गोळे रस्त्यावर विखुरलेले आहेत, दुसऱ्यात रस्ता मोकळा आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1863 मध्ये गेटिसबर्ग येथे, अलेक्झांडर गार्डनर याच्या पथकाने एका मृत सैनिकाचा देह उचलून दुसऱ्या जागी नेला आणि तेथे त्याचे छायाचित्र घेतले. त्या वेळी काचेवर ओले रसायन पसरून ती ओली असतानाच छायाचित्र घ्यावे लागे, काचेवर काही सेकंद प्रकाश पडू द्यावा लागे आणि चालत्या लढाईचे चित्रण शक्य नव्हते. त्यामुळे लढाई संपल्यावर उरलेल्या गोष्टींतून ती उभी करण्याचा मोह या मंडळींना झाला.

तांत्रिक अडचण समजून घेतली तरी सिकंदर बागेचे छायाचित्र मला अस्वस्थ करते ते दुसऱ्या कारणाने. बिआतोने आपल्या गिऱ्हाइकांचा, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांचा आणि इंग्लंडमधील संग्राहकांचा विचार करून जिंकलेल्यांचा विजय दाखवला. हाडे ज्यांची होती, त्यांच्या घरच्यांना विचारण्याची कल्पनाही कोणाला शिवली नाही. 1876 ते 1878 च्या दुष्काळात मद्रास इलाख्यात विलोबी वॉलेस हूपर या लष्करी अधिकाऱ्याने घेतलेली छायाचित्रे पाहिली की हाच अनुभव येतो. हाडांचे सापळे झालेली माणसे कुटुंबाच्या छायाचित्राप्रमाणे ओळीत बसवलेली, उभी केलेली आहेत. त्याच दुष्काळाने आपल्याकडे सोलापूर, अहमदनगर, विजापूर हा सारा पट्टा होरपळून काढला होता, हे आठवले की ते चेहरे परके राहत नाहीत.

याच्या अगदी उलट उदाहरण बंगालच्या 1943 च्या दुष्काळाचे आहे. युद्धकाळातील निर्बंधांमुळे त्या उपासमारीचे खरे रूप सरकार बाहेर येऊ देत नव्हते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये द स्टेट्समनचे संपादक इयन स्टीफन्स यांनी कोलकात्याच्या रस्त्यांवरील भूकबळींची छायाचित्रे छापली आणि दुष्काळ नाकारणे सरकारला अवघड झाले. सुनील जाना यांनी गावोगावी फिरून घेतलेली छायाचित्रे कम्युनिस्ट पक्षाच्या पत्रातून लोकांपर्यंत गेली आणि मदतनिधी उभा करण्याच्या कामी आली. हूपर आणि जाना या दोघांच्या चौकटींत उपाशी माणसेच आहेत. परंतु जाना यांची छायाचित्रे त्या माणसांच्या पोटात अन्न जावे म्हणून घेतलेली होती, आणि ती पाहताना हा फरक जाणवतो.

तेव्हा आपण वाचत असलेल्या पुस्तकात सिकंदर बागेचे छायाचित्र असेल, तर ते काढून टाकण्याची मागणी मी करणार नाही. त्याखाली ते लढाईनंतर काही महिन्यांनी घेतले आहे आणि अवशेष मांडलेले असण्याचा दाट संभव आहे, एवढे छापावे, ही मागणी मात्र प्रकाशकाला अवश्य करावी.

प्रश्न : अपघात किंवा घातपात झाला की काही मिनिटांत मोबाइलवर रक्तबंबाळ छायाचित्रे येऊ लागतात. लोकांना कळावे म्हणून ती पुढे पाठवण्यात गैर काय? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : गैर आहे. मृताच्या घरी बातमी पोहोचण्याआधी त्याचा छिन्नविच्छिन्न देह नातेवाइकांच्या मोबाइलवर पोहोचतो, हे आपल्या राज्यात अनेकदा घडले आहे. मदतीसाठी उपयोगी पडणारी माहिती, म्हणजे ठिकाण, रुग्णालय, रक्ताची गरज, संपर्काची सोय, ही शब्दांत पाठवता येते. बालकांच्या आणि लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तर कायदाच आड येतो : बालन्याय कायदा 2015 च्या कलम 74 नुसार पीडित किंवा साक्षीदार बालकाची ओळख उघड करता येत नाही, आणि लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे, ती मृत्यू पावली असली तरीही. असे छायाचित्र आले, तर पाठवणाऱ्याला तसे कळवावे आणि ते पुसून टाकावे.

प्रश्न : 2021 मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत माझे वडील पुण्यात वारले. मी अमेरिकेत होते, येऊ शकले नाही. अंत्यसंस्काराची छायाचित्रे आणि चित्रफीत भावाने पाठवली. ती आजवर माझ्याने पाहवली नाहीत आणि पुसवतही नाहीत. (एक वाचक भगिनी, न्यू जर्सी)

उत्तर : पाहण्याचे कसलेही बंधन आपल्यावर नाही आणि पुसण्याचेही नाही. त्या काळात अनेक घरांतील लेकींना आणि लेकांना अंत्यदर्शन पडद्यावरूनच घ्यावे लागले. काहींना तेही मिळाले नाही. आपल्या भावाने ती छायाचित्रे आपल्यासाठीच काढली होती, तेव्हा ती आपली आहेत आणि त्यांची वेळही आपणच ठरवायची आहे. एक काळजी घ्यावी. मोबाइल जुन्या छायाचित्रांची आठवण आपोआप समोर आणतो आणि एखाद्या सकाळी ही छायाचित्रे नकळत पुढ्यात येतील. म्हणून ती फोनमधून काढून वेगळ्या साठवणीत ठेवावीत, एक प्रत भावाकडे ठेवावी आणि त्या फोल्डरला वडिलांचे नाव व तारीख द्यावी. कधी पाहावेसे वाटलेच, तर भाऊ फोनवर सोबत असताना पाहावे.

प्रश्न : आमचा भटकंतीचा गट पावसाळ्यात इर्शाळगडावर जात असे. दुर्घटनेनंतर तेथे जाणे आणि छायाचित्रे काढणे योग्य आहे का? गटात दोन मते आहेत. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : गटात दोन मते आहेत हे वाचून बरे वाटले, कारण पुष्कळ ठिकाणी हा प्रश्न पडतच नाही.

19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर समाजाची ही वाडी डोंगराच्या कुशीत होती, तेथे गाडीरस्ता नव्हता, यंत्रे वर नेता आली नाहीत आणि जवानांनी व स्वयंसेवकांनी कुदळ-फावड्याने माती उपसली. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा 27 मृतदेह हाती लागले होते आणि 57 जण बेपत्ता होते. ती माणसे त्याच मातीत आहेत. यावरून आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते : ती जागा आता दफनभूमी आहे आणि तेथे दफनभूमीतल्यासारखेच वागावे लागेल.

त्या ढिगाऱ्याजवळ सेल्फी घेऊ नये, ड्रोन उडवू नये, मातीतून डोकावणारे भांडे, चप्पल, दप्तर टिपू नये. अशा वस्तूंची छायाचित्रे फार परिणामकारक होतात, हे मला ठाऊक आहे. अनेक नामवंतांनी ती घेतलीही आहेत. पण ते दप्तर कोणाचे हे सांगू शकणारी माणसे आजही पायथ्याच्या परिसरात राहत आहेत आणि त्यांना विचारल्याशिवाय ते दप्तर आपल्या संग्रहात येऊ नये. ज्यांना छायाचित्रे काढायचीच आहेत, त्यांनी वर जाण्याआधी खाली पुनर्वसन झालेल्या कुटुंबांना भेटावे. ते नको म्हणाले, तर न काढता परत यावे. हो म्हणाले, तर काढलेल्या छायाचित्रांच्या छापील प्रती त्यांना नेऊन द्याव्यात.

दरडग्रस्त जागांची छायाचित्रे मुळीच घेऊ नयेत, असा याचा अर्थ नाही. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गडप झाले आणि 151 माणसे गेली, 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे तेच घडले, त्यानंतर इर्शाळवाडी. डोंगरउतारावर कोठे खोदकाम झाले, झाडी कोठे तुटली, भेगा कोठे पडल्या, याची दरवर्षी एकाच जागेवरून, तारीख घालून घेतलेली छायाचित्रे पुढच्या वाडीच्या उपयोगी पडतील. आपल्यासारख्या गटांना सह्याद्रीतील वाटा पाठ असतात. हे काम आपण मनावर घेतले आणि अशा भेगांची छायाचित्रे वेळीच तहसील कार्यालयात दिली, तर आपल्या कॅमेऱ्यांचे सार्थक होईल.

प्रश्न : चिपळूणच्या 2021 च्या पुरात आमच्या घरातील सगळे अल्बम भिजले. काही वाळवले, काही अजून एकमेकांना चिकटलेल्या गठ्ठ्याच्या रूपात आहेत. आईचे लग्नातले एकमेव छायाचित्र त्यातच आहे. काही करता येईल का? पुन्हा पूर आला तर काय करावे? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : चिकटून वाळलेला गठ्ठा ओढून सोडवू नये, कागदावरचा जिलेटिनचा थर, म्हणजे चित्रच, उखडून येते. साध्या रसायनी पद्धतीने धुतलेली जुनी छायाचित्रे असतील, तर स्वच्छ थंड पाण्यात भिजवून ती हळूहळू सुटी होण्याची शक्यता असते. मात्र इतक्या वर्षांनंतर बुरशीने थर कमजोर झालेला असू शकतो, म्हणून आईचे छायाचित्र ज्या गठ्ठ्यात आहे, त्यावर घरी प्रयोग करू नये. तो गठ्ठा कागद आणि छायाचित्रे जतन करणाऱ्या तज्ज्ञाकडेच द्यावा. मोठ्या संग्रहालयांत चौकशी केल्यास अशा व्यक्तींचा पत्ता मिळतो. ज्यांवाचून अडणार नाही अशा दोन-तीन प्रतींवर घरी प्रयत्न करून पाहण्यास हरकत नाही. लग्नातल्या त्या छायाचित्राची दुसरी प्रत मामांकडे, मावशीकडे किंवा छायाचित्र काढणाऱ्या स्टुडिओच्या जुन्या निगेटिव्हमध्ये आहे का, याचाही शोध घ्यावा. एखाद्या जुन्या समूहचित्रातून एक चेहरा मोठा करून घेता येतो.

पुढच्या पुरासाठी हे ध्यानात ठेवावे. भिजलेली छायाचित्रे वाळू देऊ नयेत. ती ओली असेपर्यंतच सुटी करता येतात. अल्बममधून काढून, चित्राच्या पृष्ठभागाला बोट न लावता, स्वच्छ थंड पाण्यात हलकेच विसळावीत, पाणी वरचेवर बदलावे आणि टिपकागदावर किंवा सुती कापडावर चित्राची बाजू वर करून सावलीत वाळवावीत. उन्हात ठेवू नयेत, केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा देऊ नये. घरच्या प्रिंटरवर छापलेली छायाचित्रे पाण्यात बुडवू नयेत, कारण त्यांची शाई वाहून जाते. दोन दिवसांत सगळी हातावेगळी होणार नसतील, तर मधे मेणकागद घालून ती पिशवीत भरावीत आणि फ्रीझरमध्ये गोठवावीत. नंतर सवडीने थोडी थोडी बाहेर काढता येतात.

हे काम एकट्या घराने करायचे नसते, असे मला जपानच्या उदाहरणावरून वाटते. 11 मार्च 2011 च्या त्सुनामीनंतर यामामोतो या एकाच लहान गावाच्या परिसरात चिखलातून सुमारे साडेसात लाख छायाचित्रे गोळा झाली. विद्यार्थी आणि स्वयंसेवकांनी ती एकेक करून धुतली, त्यांना क्रमांक दिले, त्यांच्या डिजिटल प्रती केल्या आणि लोकांना आपापली ओळखून नेता यावीत म्हणून ती मांडून ठेवली. घर गेलेली, माणसे गेलेली कुटुंबे येत आणि त्या ढिगातून आपले छायाचित्र शोधत. चिपळूण, महाड, सांगली, कोल्हापूर या पूररेषेतल्या गावांत शाळा, वाचनालये आणि गणेशोत्सव मंडळे ही व्यवस्था सहज उभी करू शकतील. लागणारे सामान फार नाही : पसरट टब, टिपकागद, मेणकागद, दोरी, चिमटे आणि क्रमांक लिहिण्यासाठी पेन्सिल. छायाचित्राच्या मागे बॉलपेनने लिहू नये. त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. आपल्या गावच्या वाचनालयाने पावसाळ्याआधी असा एक संच तयार ठेवायचे मनावर घेतले, तर साहित्याची आणि कृतीची सविस्तर यादी मी या सदराच्या पत्त्यावर मागवणाऱ्या प्रत्येकाला पाठवीन.